उलट्या आट्यांचा नट

बाबांचा पाना वर्षभर त्या नटावरच अडकून राहिला होता आणि मी वर्षभर गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. खरं सांगायचं तर एकदा उघडलं होतं, तेराव्यानंतर. पाना दिसला आणि मी ते तसंच खाली आपटलं. पार्किंगमध्ये एवढा आवाज झाला की सोसायटीचा गार्ड धावत आला. "कुछ नहीं भैया," म्हटलं आणि घरी निघून आले.

या जानेवारीत मात्र ते उघडणं भाग होतं. दिल्लीच्या आसपास कायद्याने डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षांचं. बाबांच्या गाडीची दहा वर्षं उलटून गेली होती आणि भंगारवाल्यांचा ट्रक रविवारी सकाळी अकराला यायचा होता. गाडी जाणार, तिच्याबरोबर तो पाना आणि तो नटही जाणार. मग मला कधीच कळणार नव्हतं की बाबांना तो नट का उघडता आला नाही. माझ्या दोन हातांवाचून अडला होता का? अडला असेल तर दोष सरळसरळ माझा. हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, मग जे होईल ते होवो.

आधी तो पाना काय प्रकरण आहे ते सांगते. इंजिनच्या पुढे, रेडिएटरच्या मागे एक मोठा पंखा असतो. तो फॅन क्लचवर बसवलेला असतो. इंजिन गार असलं की हा क्लच पंख्याला आरामात फिरू देतो, तापलं की पळवतो. फक्त थंडीत सकाळी गाडी सुरू केली की पहिलं मिनिटभर पंखा उगाच घोंघावतो, मग गप्प होतो. हा क्लच काढायचा तर मागे एक भलामोठा नट असतो, आणि तिथे जागा एवढी थोडी की साधा पाना शिरतच नाही. त्यासाठी वेगळा, रुंद तोंडाचा आणि उलथन्यासारखा पातळ पाना लागतो. शिवाय पुली फिरू नये म्हणून तिच्या बोल्टांत अडकवायची एक लोखंडी पट्टी. बाबांनी ही जोडी काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारात चार रविवार हिंडून मिळवली होती. केंद्र सरकारच्या मंत्रालयात आयुष्यभर फायली सरकवल्या आणि रिटायर झाल्यावर माणूस ग्रीसमध्ये रमला. आई गेल्यावर तर जास्तच.

त्या नटाची खोड अशी की त्याचे आटे उलटे. जगातला प्रत्येक नट डावीकडे फिरवला की सैल होतो, हा उजवीकडे. पहिल्या वर्षी बाबांनी पाना माझ्या हातात दिला आणि "कर सैल" म्हणून बाजूला झाले. मी सवयीने डावीकडे जोर लावला, लोंबकळले, लाथ मारली. नट मस्तपैकी आवळून बसला. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेवटी गेटबाहेरच्या मिस्त्रीला बोलवावं लागलं, आणि तोही हसला. माझं डोकं असं सटकलं की मी दोघांशी दिवसभर बोलले नाही.

तेव्हापासून आमचा नेम ठरला. दर वर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पंखा उतरवून तपासायचा, कारण संक्रांतीला बाबा गाडीत मराठी मंडळींना भरून पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला घेऊन जायचे. मिस्त्री म्हणायचा, "साहब, चलती गाड़ी को क्यों छेड़ते हो?" पण बाबांना रस्त्यात गाडी बंद पडणं नामंजूर होतं. तिथे स्मारकापाशी डब्यातला एक तिळगूळ ते हळूच जमिनीवर ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "यांना घरी न्यायला कोणी आलं नाही गं." मला तेव्हा ते जरा जास्तच नाटकी वाटलं होतं.

तर तो रविवार. बाबा पाना नटावर बसवायचे, मी गाडीसमोर उभी राहायची. मग ते शाळेतल्या परीक्षकासारखा चष्मा खाली घेऊन विचारायचे, "किधर?" आणि मी ओरडायची, "उजवीकडे, बाबा! उलटे आटे!" मग हातोडीचा ठोका. मी तिशी ओलांडली, दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं, लग्न झालं, तरी हा खेळ चालूच होता.

मागच्या वर्षी त्यांचा शनिवारी फोन आला. "उद्या ये. पंखा काढायचाय, हलतोय जरा."

माझ्या डोक्यावर सोमवारची मीटिंग होती. म्हटलं, "बाबा, मिस्त्रीला बोलवा ना यार. पट्टी धरायला मीच कशाला हवी?"

"अगं, धरायला नको. धरेन मी. तू नुसती समोर उभी राहा."

"नुसती उभी राहायला मी काय खांब आहे?"

"बरं बरं, राहू दे," म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या तोंडाला कुलूप का बसलं नाही त्या वेळी, देव जाणे.

रविवारी ते एकटेच खाली उतरले. शेजारच्या काकूंनी त्यांना सकाळी साडेनऊला बॉनेटमध्ये वाकलेलं पाहिलं होतं. दहाच्या सुमारास वर आले, चहा केला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कपाला त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा होता. तो कप मी अजून धुतलेला नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, हे कुठेही, कधीही झालं असतं. कुठेही झालं असतं ना? मग माझ्यासमोर का नाही झालं, ते सांगा.

आणि तेव्हापासून तो आवाज. हिवाळ्यात सकाळी सातला आमच्या क्वार्टरच्या खाली पंखा घोंघावतो. मिनिटभर, मोजून. मग गप्प होतो. मी गच्चीत जाऊन बघते, खाली कोणाचीच गाडी सुरू नसते. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मला नाही काही ऐकू आलं." मी पुन्हा विचारलं नाही. सात वाजले की माझे कान आपोआप तिकडे लागतात, आणि आवाज आला नाही तर जास्त भीती वाटते.

तर या रविवारी नऊ वाजता मी नोएडाला, बाबांच्या सोसायटीत पोचले. धुकं होतं. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवलं होतं. तोही आता म्हातारा झालाय, मफलर कानाला गुंडाळून उभा होता. मी बॉनेट उघडलं. पाना तसाच, मूठ रेडिएटरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कड्याला टेकलेली. खाली पट्टी पुलीत अडकवलेली, अगदी बरोबर.

त्या काळ्या कड्यावर पांढऱ्या मार्करने काहीतरी लिहिलेलं होतं. मी बाहीने धूळ पुसली. बाबांचं अक्षर. एक बाण उजवीकडे, त्याखाली "सैल", आणि तो खोडलेला. मग एक बाण डावीकडे, तोही खोडलेला. मग तिसरा बाण, पुन्हा डावीकडे, त्याच्या खाली दोन रेघा मारलेल्या. तो खोडलेला नव्हता.

मिस्त्रीने पाना हातात घेऊन नट चाचपला. "मैडम, यह किसी ने कस दिया है. पूरी ताक़त से. उल्टा घुमाया है."

"बाबांनी? शक्यच नाही," मी मराठीतच ओरडले, मग हिंदीत. "उन्होंने तो मुझे सिखाया था. दुनिया भूल जाएगी, वो नहीं भूलेंगे!"

त्याने मफलर सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाला, "जिस हफ़्ते साहब गुज़रे, उसी हफ़्ते दुकान पे आए थे. पूछा, 'यह किधर खुलता है?' मैं हँस दिया. मैंने कहा, साहब, मज़ाक मत करो, आप तो हमें पढ़ाते हो. वो भी हँसे. फिर चले गए."

एकेक करून सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. त्याच्या आधीच्या दिवाळीत बाबांच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गॅसच्या बटणाखाली "आडवं म्हणजे बंद". गीझरवर "अंघोळीनंतर बंद करणे". किल्ल्यांवर रंगीत दोरे. मी म्हटलं होतं, "अहो बाबा, आता माझ्या कपाळावर पण एक लावा, 'मुलगी' म्हणून." ते हसले होते. पण जरा उशिरा हसले होते. मला ते तेव्हा दिसलं होतं हो, दिसलं होतं आणि मी फराळाचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत निघून गेले होते.

आपलं काहीतरी निसटतंय हे त्यांना कळलं होतं. कुणाला सांगायचं कसं, ते जमत नव्हतं. मिस्त्रीला विचारलं, तो हसला. मग त्यांनी मला फोन केला. दर वर्षीसारखं त्यांनी "किधर?" विचारलं असतं, मी दर वर्षीसारखं ओरडले असते, आणि त्यांना काही आठवत नाही हे मला कळलंही नसतं. त्यांची लाज राहिली असती. एवढ्यासाठी त्यांना मी समोर हवी होते. ते तर फोनवरही झालं असतं. दोन शब्द लागले असते.

"मैडम, छोड़ दें?" मिस्त्रीने विचारलं. "गाड़ी तो कटने ही जा रही है. पाना मैं ऐसे ही निकाल देता हूँ."

"नहीं," मी म्हटलं. "खोलना है."

त्याने तेल सोडलं, पट्टी गुडघ्याने दाबली, पाना नीट बसवला आणि हातोडी उचलली. मी पुढे झाले, दर वर्षी उभी राहायची तिथे, बरोबर नंबर प्लेटच्या समोर. दिशा त्याला माहीत होती, सांगायची गरज नव्हती. तरी मी मोठ्याने म्हटलं, "उजवीकडे, बाबा. उलटे आटे."

मिस्त्रीने मान वर केली नाही. पहिला ठोका, काही नाही. दुसऱ्याला पाना सटकला. मला रडू फुटलं आणि रागही आला, स्वतःचा, बाबांचा, त्या मेल्या नटाचा. तिसऱ्या ठोक्याला कडकन आवाज झाला आणि नट सुटला. पुढचं त्याने हाताने फिरवलं. पंखा उचलून बाहेर काढला आणि खाली वर्तमानपत्रावर ठेवला, बाबा ठेवायचे तसाच.

"हलतोय" म्हणाले होते, म्हणून मी क्लच दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. जराही हलत नव्हता. पंखा ठणठणीत होता.

साडेदहा झाले होते. मिस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला, "चलिए मैडम, चाय पीते हैं. ट्रक आने में टाइम है." मी त्याला जायला सांगितलं. पाना पिशवीत टाकला. मग ट्रक येईपर्यंत मी तिथेच थांबले, उघड्या बॉनेटसमोर, धुक्यात. काही केलं नाही. नुसती उभी राहिले.