सुवार्ताबाईंचा घास

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिंधू वाघमारे आईला भरवत होती. आईच्या पाठीशी दोन उशा, हनुवटी किंचित खाली, चमच्यात अर्धीच ज्वारीची पेज. घोट खाली उतरलेला गळ्यावर दिसला की पुढचा चमचा. मधल्या वेळात ती पुटपुटत होती, "फाला, फाला." मलावीत पेजेला फाला म्हणतात. तिथल्या एका चर्चच्या केंद्रात कुपोषित मुलांसाठी परिचारिका हवी आहे, तीन वर्षांसाठी. सिंधूची निवड झाली आहे. होकार किंवा नकार रविवारच्या उपासनेनंतर पाळकांना सांगायचा होता. आज शुक्रवार होता.

सिंधू लहानपणी टायफॉइडने मरणाच्या दारात होती. आई सुवार्ताबाई तेव्हा मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. भाकरी थापता थापता त्या मोठ्याने बोलल्या, "प्रभू, वाचली तर ही तुझ्या कामाला." तेव्हाच्या पाळकांनी दटावलं, नवस आपल्यात नसतो. बाई म्हणाल्या, "नवस न्हाई, शब्द दिलाय." सिंधूने पुढे नर्सिंग केलं, लग्न केलं नाही, लातूरच्या एका रुग्णालयात कुपोषित मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सिंधू नोकरी सोडून निलंग्याला भावाच्या घरी आली. मलावीचं सांगितलं तेव्हा आईने तोंड भिंतीकडे केलं. त्याचा अर्थ घरात कोणालाच लागला नाही.

अडचण एकच होती. आई सिंधूशिवाय कोणाच्या हातचं खात नव्हती. भावजय अंजू महिनाभर शिकत होती. उशा, हनुवटी, अर्धा चमचा, सगळं बरोबर. पण तिने चमचा पुढे केला की सुवार्ताबाई दात घट्ट आवळायच्या आणि पेज गळ्यावरून पदरात जायची. भाऊ आदर्श रिक्षा चालवतो. दुपारी जेवायला आला की तो ऐकवायचा, "हितं आई उपाशी, अन् ही निघाली आफ्रिकेतल्या लेकरांना भरवायला."

अंजू निलंग्याच्याच एका लिंगायत घरातली. आदर्शशी लग्न केलं म्हणून माहेर तुटलं. या घरात तिला कोणी चर्चला चल म्हटलं नाही, गळ्यातलं लिंग काढ म्हटलं नाही. भरवायला शिकवतानाही सिंधूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "प्रार्थनेचं तुला बंधन नाही. तू नुसतं भरव."

शुक्रवारी संध्याकाळी सिंधू मुद्दाम स्वयंपाकघरात थांबली. आतून अंजूचा आवाज येत होता. "आत्या, एक घास. माझ्यासाठी न्हाई, ह्या वाटीसाठी. लई मन लावून केलीय." मग हाक आली.

"अक्का, आत्याचं डोकं दुखतंय का बघा. डावा हात सारखा डोक्यावर न्यायल्यात."

"ताप नाही ना?"

"न्हाई. तुम्ही भरवायच्या आधी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणता?"

"प्रार्थना. दोन ओळींची."

"मंग ती मला का न्हाई शिकवली?"

"तुझं वेगळं आहे, अंजू. तुला कसं सांगायचं?"

"काय वेगळं? आमचे आजोबा सिद्रामप्पा लिंगपूजा झाल्याबिगर पाणी घेत नव्हते. अंगात ताप असला तरी. आत्या तशाच हाईत. उपाशी ऱ्हातील, पण आधी देवाचं नाव. सांगा लवकर, पेज गार व्हायली."

सिंधूने दारातूनच सांगितलं. अंजूने सासूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "प्रभू, दिलंस त्याचे उपकार." मध्ये ती अडखळली. शेवटचं "आमेन" मात्र रस्त्यावर ऐकू जाईल इतकं मोठं होतं.

सुवार्ताबाईंनी तोंड उघडलं. वाटी संपली. दारात उभ्या असलेल्या मुलीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"बघा अक्का, गेली तुमची नोकरी," अंजू म्हणाली.

सिंधू हसली. मग ओट्याशी जाऊन तिने धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची शक्यता आधीच सांगितली होती. तीन वर्षांनी परत येईल तेव्हा आई असेल, असं ती स्वतःला सांगू शकत नव्हती. आई खात नाही म्हणून अडलंय, असं ती महिनाभर सगळ्यांना सांगत आली होती. आता अडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आदर्शने आल्यावर रिकामी वाटी पाहिली. टोमणा मारला नाही.

"म्हणजे जाणार तू."

"शब्द तिनेच दिलाय."

"तेव्हा दिला. आता तिला काय वाटतंय, ते कुणाला इचारायचं?"

सिंधू आईला विचारायला म्हणून आत गेली. पोट भरलं होतं, सुवार्ताबाईंना झोप लागली होती. तिने पांघरूण नीट केलं आणि बाहेर येऊन भावाला सांगितलं, "रविवारी हो म्हणते."

लहान मूल नव्या माणसाच्या हातून खायला लागलं, की जुन्या माणसाने काही दिवस समोर यायचं नाही, असा लातूरच्या वॉर्डात नियम होता. तो सिंधूने घरीही लावला आहे. उद्या सकाळी सातला पेज अंजू भरवेल. सिंधू त्या वेळी दूध आणायला जाईल आणि वाटी धुऊन झाल्यावर घरी येईल.