जाळीचं कपाट

मिस्त्री माणसाचं नाव विचारत नसत, माप घेत. येडशीजवळच्या शाळेत बदली होऊन आले आणि खोली बघायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं की मला रागच आला. मग खिशातून सुतळीचा तुकडा काढून म्हणाले, "हात कोपरात वाकवा, बाई." मी वाकवला. त्यांनी जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली, तिला गाठ मारली आणि आत निघून गेले. आठवड्यानं सामान घेऊन आले तर खोलीत एक नवाकोरा लाकडी ओटा तयार होता, बरोबर माझ्या कोपराखाली चार बोटं. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच पोळ्या लाटताना माझी पाठ दुखली नाही. तेव्हा कुठे माझा राग गेला.

"ज्याला वापरायचंय त्याचं माप घ्यावं. भिंतीचं घिऊन काय करता?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उमेदीच्या काळात त्यांचं नाव होतं ते जाळीच्या कपाटांसाठी. दूध-दही, भाकरी, कालवण, सगळं मांजरापासून आणि माशीपासून राखणारी कपाटं. तेरपासून धाराशिवपर्यंत कितीतरी स्वयंपाकघरांत त्यांच्या हातची कपाटं होती आणि प्रत्येक कपाट त्या घरच्या बाईच्या उंचीचं होतं. पुढे घरोघर फ्रीज आले आणि ती कपाटं आधी पडवीत, मग चुलीत गेली. मिस्त्रींच्या घरातलं मात्र शाबूत होतं. ते काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या मापाचं. काकू बुटक्या होत्या, म्हणून वरचा कप्पा टाच न उचलता हात पोचेल असा. मी राहायला गेले त्याच्या दोन वर्षं आधी काकू गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या कपाटात आता एक साखरेचा डबा, एक चहाचा, आणि बाकी नुसती हवा.

ते बोलायचे फार कमी. एकुलता एक मुलगा पुण्याला. त्याचा फोन आला की मला भिंतीपलीकडून "हां", "बरंय", "जेवलो" एवढंच ऐकू यायचं. मी तरी काय मोठी बोलकी उरले होते? नवरा नांदेडला नोकरीला, मुलगी सासूबाईंकडे, आणि मी इथे शाळेचे तक्ते भरत बसलेली. मध्ये एकच भिंत होती. त्यांच्या ताटात भांडं वाजलं की मला कळायचं मिस्त्री जेवले, आणि माझा कुकर झाला की त्यांना कळायचं बाई घरी आल्या. आमचा शेजारधर्म तो एवढाच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते दारात आले, हातात टॉवेलचं गाठोडं. त्यांनी ते उघडलं आणि मी किंचाळले. आत वीतभर लांब हिरवागार सरडा होता, शेपटी गुंडाळलेला, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा आढ्याकडे. "ओरडू नका बाई," मिस्त्री म्हणाले, "त्याला कान दिसंनात, पर मला हाईत." ते जनावर बार्शी रस्ता ओलांडत होतं. ओलांडत होतं म्हणजे एक पाऊल पुढे, मग जागच्या जागी डुलायचं, मग पुन्हा पुढे. अशात ट्रॅक्टर आला. जिवावरचं पायावर निभावलं. मागचा एक पाय चांगलाच सुजला होता. रस्त्यावरचे लोक दगड शोधायला लागले, कारण आमच्याकडे हिरवा सरडा दिसला की दगड मारायचा एवढंच लोकांना ठाऊक. मिस्त्रींनी टॉवेल टाकून उचलला.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी फोटो दाखवला. त्यांनी सांगितलं, हा घोयरा सरडा, खरा रंग बदलणारा. विषारी अजिबात नाही, पण वन्यजीव आहे, घरात पाळणं गुन्हा आहे, वनखात्याच्या लोकांकडे द्या. अभयारण्य तर आमच्या उशाशीच. मी घरी येऊन हे सगळं मिस्त्रींना सांगितलं, पण खरं सांगायचं तर वनखात्याचं जरा हळू आवाजात सांगितलं. "पाय बरा होऊस्तोवर," ते म्हणाले, "मग सोडू." मी मान डोलावली. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई, तिनं कायदा असा पायापुरता बाजूला ठेवला.

मग माप सुरू झालं. तीन दिवस मिस्त्री अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली पाटावर बसून होते. सरडा दोरीवर, आणि यांच्या हातात सुतळी. एका पावलात किती सरकतो, शेपटी किती लांब, मान किती वळते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ह्याला लांबी-रुंदी नगं, बाई. ह्याला उंची पायजे. सोडला की वर बघतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू आली म्हणून गेले. काकूंच्या कपाटाचे कप्पे काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. लाकडावर पातेल्यांची गोल गोल काळी वळं उमटलेली. मिस्त्री जुनी गंजकी जाळी उपसून नवी, मोठ्या भोकांची बसवत होते. मी पुढे होऊन जाळीचं दुसरं टोक धरलं.

जन्मभर ज्या कामात हात घोटवला, त्याच कामानं पहिला दगा दिला. सरड्याला बसायला म्हणून त्यांनी सागवानी दांड्या केल्या. रंधा मारून, काचकागद फिरवून अशा गुळगुळीत केल्या की हात फिरवत राहावं. सरडा त्यावर ठेवला की घसरायचा. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्याचे पाय चिमट्यासारखे, त्यांना धरायला खरबरीत साल लागते. मिस्त्री कितीतरी वेळ दांडीकडे बघत बसले. मग शिवारात जाऊन बाभळीच्या फांद्या घेऊन आले, नुसते काटे तासले आणि साल तशीच ठेवली. "चाळीस वर्सं साल काढायलाच शिकलो," एवढं म्हणाले आणि बिजागरीला तेल घालायला लागले.

दुसरी चूक पाण्याची. पाहुण्याला आधी पाणी, या रीतीनं त्यांनी पितळी वाटी भरून ठेवली होती. सरडा तिच्याकडे ढुंकून बघेना. डोळे आत जायला लागले. एकदा फांदीवरच्या पानावर पाणी उडालं तेव्हा त्यानं जीभ काढून थेंब टिपला आणि आम्हा दोघांच्या डोक्यात उजेड पडला. मिस्त्री आत गेले आणि सलाईनची एक नळी घेऊन आले. काकूंच्या शेवटच्या महिन्यांतली, धुऊन गुंडाळून ठेवलेली. वर पाण्याची बाटली उलटी टांगली, नळी पानांवर सोडली आणि तिच्यावरचं छोटं चाक अंगठ्यानं फिरवत थेंब लावला. किती चटकन लावला!

गावाला विषय मिळाला. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, मिस्त्रीनं कुंपणच घरात आणलं," असं पारावर म्हणत. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. ते सकाळी गवतात नाकतोडे धरायचे आणि दुपारी कपाटात केळ्याची साल आणि गुळाचा खडा ठेवायचे. "माशी आत जाऊ नये म्हणून जल्मभर जाळ्या ठोकल्या," मला म्हणाले, "आन आता माशी आत यावी म्हणून गूळ ठिवतोय." आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. वरचे दोन दात नव्हते.

खरी गोष्ट पुढेच आहे. मिस्त्री बोलायला लागले. संध्याकाळी मी शाळेतून आले की ओसरीवर दोन कप चहा तयार असायचा आणि दिवसाचा सगळा वृत्तांत. आज दोन नाकतोडे खाल्ले. आज कात टाकली. आज चिडून काळा पडला, खिडकीत कावळा बसला होता. मुलाचा फोन आला की आता पंधरा-पंधरा मिनिटं बोलणं चालायचं. एकदा मुलानं मलाच फोन करून विचारलं, अण्णा बरे आहेत ना, लई बोलायलेत. मी म्हटलं, बरे आहेत. आणि मीही बरी होते. शनिवारी नांदेडला जायची माझी घाई कमी झाली होती, हे आज कबूल करते.

दसऱ्याच्या सुमाराला पाय बरा झाला. सरडा चारी पायांनी फांदी धरून सरसर वर चढला, ते मी पाहिलं, मिस्त्रींनीही पाहिलं. त्या संध्याकाळी आम्ही पावसापाण्यावर बोललो, सोयाबीनवर बोललो, पायाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दिवाळी झाली आणि सरड्याचं पोट सुटलं. मिस्त्री खूष, अन्न अंगी लागतंय म्हणून. मग त्यानं खाणं सोडलं. वरची फांदी सोडून खाली आला आणि कपाटाच्या तळाची फळी पुढच्या पायांनी खरवडायला लागला, दिवसभर, थांबून थांबून. मिस्त्रींनी थंडी वाजत असेल म्हणून खाली पोतं अंथरलं. तो पोतं खरवडत राहिला. मी फोनवर शोधलं आणि कळलं की तो नव्हे, ती. पोटात अंडी होती, आणि ती पुरायला माती मिळाली नाही तर अंड्यांसकट मरणार होती.

हे मला मंगळवारी कळलं, आणि मी मिस्त्रींना सांगितलं गुरुवारी. का, ते सांगते. मंगळवारी सांगायला म्हणून गेले, तर मिस्त्री पहिल्यांदाच काकूंबद्दल बोलायला लागले. लग्नात काकू रुसल्या होत्या, त्या कशावरून, आणि रुसवा गेला तो या कपाटानं, अशी लांबलचक गोष्ट. दोन वर्षं आत कोंडलेलं माणूस बाहेर येत होतं आणि पलीकडे कपाटात सरडी फळी खरवडत होती. मी ऐकत बसले. बुधवारीही ऐकत बसले. माझ्या हातून झालेली ही वाईट गोष्ट आहे आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही.

गुरुवारी सांगितलं. वर पळवाटही पुढे केली, की कपाटाखाली मातीची पेटी बसवली तरी चालेल, तुम्हाला काय अवघड आहे. मिस्त्री खरवडलेल्या फळीवरून बोट फिरवत राहिले.

"पेटी घंटाभराचं काम हाय," ते म्हणाले. "पर पाय तर दसऱ्यालाच बरा झालाय, बाई. तुमाला बी ठावं हाय, मला बी."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाभळीच्या फांदीसकट तिला कापडी पिशवीत घेतलं आणि रिक्षानं रामलिंगच्या देवळाच्या अलीकडे गेलो, तिथल्या माकडांपासून लांब, एका पडीक रानाच्या बांधाला. बोरीची झुडपं होती आणि माती भुसभुशीत होती. मिस्त्रींनी ती मुठीत घेऊन पाहिली, मग फांदी खाली टेकवली. ती उतरली, डुलत डुलत चार हात गेली आणि डोकं खाली घालून उकरायला लागली. आम्ही लांब बसलो. ऊन चढलं, कललं, मिस्त्री उकिडवे बसलेले हलले नाहीत. शेवटी ती बाहेर आली, मागच्या पायांनी माती सारली, बरोबर सारली, तो बरा झालेला पायही वापरला. मग बोरीवर चढली आणि पानांत दिसेनाशी झाली. "मोकळी झाली," मिस्त्री म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी रिकामी पिशवी चारदा घडी घातली आणि चारदा उलगडली.

त्या संध्याकाळी ओसरीवर चहा होता, पण एकच कप बशीत आणि तो माझा. ते आत होते. हळूहळू भिंतीपलीकडून पुन्हा "हां", "बरंय", "जेवलो" ऐकू यायला लागलं. मी आपण होऊन जाऊन बसायचे, शाळेतल्या गमती सांगायचे, ते मान डोलवायचे. त्यांच्या पुढ्यात बसून मला कळलं की माझ्या गमतींनी काही होणार नाही. पुढच्या वर्षी मला नांदेडला बदली मिळाली. पेढे वाटले. मिस्त्रींनी सामान टेम्पोत चढवून दोऱ्या आवळल्या आणि पेढा खिशात ठेवला, मग खाईन म्हणून.

आता ते दर रविवारी फोन करतात. पावसाळ्यात त्या बांधावर जाऊन आले होते. बोटभर पोर दिसलं म्हणाले, मग म्हणाले, पान बी असंल. प्रत्येक वेळी विचारतात, कधी येताय? मी म्हणते, येते. उन्हाळ्यात येते, दिवाळीत येते, मुलीची परीक्षा झाली की येते. नांदेडहून येडशी म्हणजे काही परदेश नाही, एका दिवसात जाऊन येता येतं. तीन वर्षं झाली. मागच्या रविवारी माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, मिस्त्री, खरं सांगते, यंदाही जमेल असं वाटत नाही.

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"नगा येऊ," ते म्हणाले. "पर येते म्हणा, बाई. म्हटलं की आठ-धा दिस बरे जात्यात."

मी म्हटलं, "येते."