पांढुर्ण्यातले पन्नास पैशांचे पुठ्ठे

पांढुर्ण्याला जावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. संत्री नागपुरातही मिळतात. पण पंच्याऐंशीच्या आसपास, मी नागपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असताना, सौंसरला शाळामास्तर असलेल्या आमच्या भाऊजींचं पत्र आलं. पांढुर्ण्याच्या वाचनालयात व्याख्यान द्या, विषय 'पैसा कुठून येतो', मानधन एकावन्न रुपये. हे एकावन्न कुठून येणार ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी तिशीचा होतो आणि मला सगळं येत होतं. निघालो.

नागपूरहून सौंसरला तेव्हा छिंदवाड्याची छोटी गाडी जायची. रूळ छोटे, डबे छोटे, वेग त्याहून छोटा. सावनेरच्या पुढे एक गृहस्थ उतरले, झुडपाआड जाऊन आले आणि परत चढले. गार्डानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आता तिथं रुंद रूळ आहेत, त्यामुळे हा आनंद तुम्हाला मिळणार नाही. हळहळू नका. सौंसरला ताईनं ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि सगळ्या प्रवासात मी नावं ठेवली नाहीत अशी तेवढी एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मोहगाववरून पांढुर्ण्याची बस. रस्ता असा की खड्डे चुकवताना ड्रायव्हर मधूनच चुकून रस्त्यावर यायचा. तिकीट साडेतीन रुपये. मी पाचाची नोट दिली, तर कंडक्टरनं तिकिटाच्या मागे दीड रुपया लिहून दिला. उतरताना मागितला तर म्हणाला, "चिल्लर नाई ना जी. परतीच्या टायमाले घेऊन घ्या." तेव्हा देशभर चिल्लरीचा दुष्काळ होता. नोटा हव्या तेवढ्या, नाणी औषधालाही नाहीत. दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं देत, आणि मोठी माणसं ती मुकाट्यानं चघळत घरी जात.

बसस्टँडजवळ सुखदेवभाऊंचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, एक भट्टी, दोन नवे बाकडे. तर्री पोहे एक रुपया, चहा पन्नास पैसे. पोह्यांवरची तर्री, म्हणजे तो लाल रस्सा, अशी जहाल की व्याख्यानाचे मुद्दे विसरलो. दोनाची नोट दिली तर भाऊंनी हातावर पुठ्ठ्याचा चौकोन ठेवला. त्यावर रबरी शिक्का, खाली सही, आणि 'एक चहा, ५० पैसे'.

"हे काय?"

"पन्नास पैसे."

"हा बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आहे."

"पानवाल्याले देऊन पाहा ना जी."

दिला. पानवाल्यानं पुठ्ठ्याकडे न बघता पान लावलं. मी तसाच परत आलो आणि भाऊंना खोदून विचारलं. सुट्ट्यांऐवजी पुठ्ठे द्यायला सुरुवात झाली; मग न्हावी घ्यायला लागला, फुलवाली घ्यायला लागली, नदीपलीकडचं सावरगावही घ्यायला लागलं.

"आन हे बाकडे?" भाऊ म्हणाले. "सुताराले दोनशे पुठ्ठे देले. त्यानं न्हाव्याले देले, न्हावी मायाच इथं चहा पेते. एका फळवालीले ऐंशी उसने देले, तिची गाडी चालू झाली. हप्त्याले दहा वापस करून राहिली."

"मग छापा की हजार!"

"शिक्का बायकोपाशी असते ना," भट्टीजवळच्या सुमनबाईंकडे बोट दाखवत ते म्हणाले. "मायापाशी असता तं मी छापतच बसलो असतो."

सुमनबाई म्हणाल्या, "दूध किती येते ते पाहूनच शिक्का मारतो जी मी."

मला हसू आवरेना. वर्षभर फळा खरडून जे पोरांच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते इथे भट्टीशेजारी उकळत होतं.

संध्याकाळी वाचनालयात वीसेक डोकी. पहिल्या रांगेत एका बँकेचे साहेब, सफारी सूट, मांडीवर ब्रीफकेस. बँका कर्ज देताना नवाच पैसा तयार करतात, असं मी म्हटल्याबरोबर त्यांनी हात वर केला. "आम्ही ठेवीदारांचेच पैसे कर्जाऊ देतो."

"गेल्या महिन्यात कोणाला पाच हजारांचं कर्ज दिलंत का?"

"दिलं."

"तेव्हा कोणत्या ठेवीदाराच्या पासबुकातून पाच हजार कमी झाले?"

साहेबांनी ब्रीफकेस उगाच उघडून बंद केली. मी ठणकावून सांगितलं की कर्जदाराच्या खात्यात आकडा लिहिला त्या क्षणी पाच हजार नवे जन्माला आले, साहेबांच्या शाईतून. कर्ज फिटलं की ते मरतात. या शाईला लगाम म्हणून वर मध्यवर्ती बँक बसते. ठेवींचा काही भाग माझ्याकडे ठेवा म्हणते, बँक अडचणीत आली तर उसने देते, नोटा छापते. आणि सरकारचा खिसा रिकामा झाला की सरकारचा कागद, म्हणजे कर्जरोखा, ठेवून घेऊन त्याला नवे पैसे देते. म्हणजे वरपासून खालपर्यंत वचनांचा बाजार.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण लोक हसत होते, आणि हशा मला चढतो. "लांब कशाला जाता? बसस्टँडवरचे सुखदेवभाऊ घ्या. त्यांच्या गल्ल्यात तेवढी नाणी आहेत का? उद्या सगळे एकदम पुठ्ठे घेऊन गेले तर?"

टाळ्या पडल्या. मी वाचनालयाच्या चिटणिसांच्या घरी जाऊन गाढ झोपलो.

सकाळी बाजाराचा दिवस. गाडी पकडायला निघालो तर हॉटेलसमोर ही गर्दी. न्हावी, पानवाला, फुलवाली, सगळे मुठीत पुठ्ठे घेऊन. वर्षातून एकदा, गोटमारीच्या जत्रेत, पांढुर्ण्याशी दगडांनी बोलणारं सावरगाव त्या दिवशी पुठ्ठे घेऊन आलं होतं.

"भाऊ, चहा नाई पायजे, पैसे पायजे!"

"काऊन बाप्पा, काल तं घेत होते?"

"नागपूरच्या सरनं सांगतलं, गल्ला खाली हाये म्हणून!"

भाऊंनी गर्दीत मला पाहिलं. मग गल्ला उघडून नाणी मोजून द्यायला लागले. गल्ल्यातली नाणी अर्ध्या तासात संपली. मग ते स्टुलावर उभे राहिले. "पुठ्ठ्यावर काय लिवलं हाये? एक चहा. बसा. सगळ्यायले पाजतो."

भट्टीवर मोठं पातेलं चढलं. पण पुठ्ठे चारशेच्या वर, आणि दुधवालाही आज रोख मागत होता. तोही काल व्याख्यानाला होता. मी शंभराची नोट घेऊन बँकेत धावलो. कालचेच साहेब.

"चिल्लर नाही."

"नोटेवर वचन छापलंय."

"दहाच्या दहा देतो. वचन पाळलं." कालचा वचपा त्यांनी मोठ्या गोडीनं काढला.

दुधवाल्यासाठी त्यातल्या सहा नोटा भाऊंपुढे धरल्या.

"हे कर्ज हाये का दान?"

"कर्ज," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायची लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत गाव चहा पीत होतं. नको असताना पीत होतं, तोंडं वाकडी करून पीत होतं. आलेला एकेक पुठ्ठा सुमनबाई भट्टीत टाकत होत्या. एकाही माणसाला त्यांनी रिकाम्या हाती परत पाठवलं नाही. इकडे ज्या बँकेत कागदाच्या बदल्यात कागदच मिळाला, तिच्यावर मात्र कोणी धावून गेलं नाही. मी पॅसेंजरनं नागपूरला परतलो. तिकीट किती पडलं, आठवत नाही.

तुम्ही गेलात तर हिवाळ्यात जा, संत्री घ्या, पोहे जपून खा. सुखदेवभाऊंचं हॉटेल शोधू नका. पुठ्ठे पुन्हा कोणी घेतले नाहीत. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाईक सुट्ट्यांच्या जागी गोळ्या देणाऱ्या पलीकडच्या हॉटेलात गेलं, आणि चार महिन्यांत भट्टी विझली. भाऊ संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामाला लागले, असं भाऊजींनी कळवलं. मी पुढे पंचवीस वर्षं हाच धडा शिकवला. बँकेवर गर्दी झाली तर काय होईल, हा माझा आवडता दहा मार्कांचा प्रश्न होता. पोरं पाठ केलेलं लिहायची आणि मी मार्क द्यायचो. माझी अक्कल ती एवढीच.

हॉटेल बंद झाल्यावर महिन्याभरानं साठ रुपयांची मनीऑर्डर आली. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "सर, बाकडे विकले, त्यातले तुमचे साठ. तुमी म्हणाले ते बरोबर होतं, गल्ल्यात नाणे नव्हते. पण तुमी इचारलं तोवर कोणाले लागतबी नव्हते."