आधी सही, मग राग

आमच्या आत्या शाळेची बस चालवतात. आमच्या म्हणजे खरं तर माझ्या नवऱ्याच्या आत्या, पण हक्क सांगण्यात मी त्याला केव्हाच मागे टाकलं आहे. उंचीने त्या बेताच्याच. ड्रायव्हरच्या सीटवर घट्ट उशी टाकून बसतात, तेव्हा कुठे समोरचा रस्ता नीट दिसतो. आवाज मात्र असा, की हॉर्नची गरज पडू नये.

त्यांचे यजमान लवकर गेले. स्वतःचं मूलबाळ नाही. तेवढ्यात भावाने आपला मुलगा शिकायला म्हणून मायदेशातून इथे परदेशात, त्यांच्याकडे धाडला. वाढत्या वयाचा मुलगा, ताटात पडेल ते फस्त करणारा. शिवणकामावर दोघांचं भागेना, तेव्हा चाळिशी उलटलेल्या आत्या गाडी शिकल्या, तीही एकदम मोठी. "त्याची भूक बघून बसच शिकले, लहान गाडीने भागलं नसतं," असं त्या अजूनही सांगतात, आणि माझा नवरा, ज्याचं पोट आता शर्टाच्या बटणांशी भांडतं, गुपचूप ऐकून घेतो.

त्यांची एक सवय सांगायलाच हवी. फेरी संपली, शेवटचं मूल उतरलं, की गाडी बंद करून त्या अगदी मागच्या सीटपर्यंत चालत जातात. प्रत्येक सीटखाली वाकून बघतात आणि रिकाम्या बसला मोठ्याने विचारतात, "कोणी राहिलं का?" एखादं पेंगुळलेलं पोर कोपऱ्यात तसंच राहू नये म्हणून ड्रायव्हरला हे करावंच लागतं. पण आत्यांच्या ते इतकं अंगात भिनलंय, की सिनेमा संपल्यावरही त्या खुर्च्यांखाली बघतात. दवाखान्यातून निघताना, स्वतःच्या घराला कुलूप लावतानासुद्धा तेच. घरात त्या आणि भाचा सोडून तिसरं माणूस नसायचंच. मला आधी आधी फार हसू यायचं.

मी या शहरात दातांचं काम शिकायला आले. शिक्षण संपलं, एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची नोकरी लागली, आणि त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. ती दुरुस्त करायला जो आला त्याच्याशी माझं लग्न ठरलं. मधलं सगळं सांगत बसत नाही. लिफ्ट वारंवार बिघडत होती, एवढं सांगितलं तरी पुरे. दोन्ही घरचा होकार होता. पुढच्या वर्षी सुट्टी काढून तिकडे जायचं आणि चार माणसांत रीतसर लग्न करायचं, असं ठरलंही होतं.

पण माझा इथे राहायचा परवाना संपत आला, आणि लॅबने तो वाढवून घ्यायला हात वर केले. आता एकच वाट होती. हा इथला कायमचा रहिवासी, तेव्हा याने बायको म्हणून मला स्पॉन्सर करायचं. त्यासाठी आधी बायको व्हायला हवं, आणि तेही परवाना संपायच्या आत. नाहीतर सामान बांधून परत जायचं, अर्ज तिकडून करायचा आणि दोघांनी दोन टोकांना बसून राहायचं. किती वर्षं, ते कोणीच सांगेना. रजिस्टर लग्नाच्या कचेरीत पुढच्या महिन्यापर्यंत जागा नव्हती. कोणीतरी आपलं लग्न ऐनवेळी रद्द केलं म्हणून आम्हाला तारीख मिळाली. त्या अनोळखी जोडप्याचं भांडण नंतर मिटलं असेल अशी माझी आशा आहे, पण तेव्हा ते भांडले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आईला फोन केला. ती म्हणाली, "सही म्हणजे काही लग्न नव्हे. कागदाचं काय ते उरकून घ्या. पण कोणाला कळता कामा नये. फोटोबिटो तर अजिबात नकोत. ते इकडे फिरले की लोक म्हणतील, पोरीने परस्पर उरकलं. मग खऱ्या लग्नाला कोण येतंय?"

"आणि आत्या?" मी याला विचारलं.

"आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला कळलं की डेपोला कळलं, आणि डेपोला कळलं की तिकडच्या झाडून साऱ्या नातेवाइकांना. खऱ्या लग्नात मिरवू दे की तिला."

मला हे पटलं नव्हतं. जिने वाढवलं तिच्याच घरातून चोरासारखं उठून लग्नाला जायचं? मी तसं बोलूनही दाखवलं. पण एकीकडे आई, दुसरीकडे हा, आणि डोक्यावर मुदत. शेवटी हेही दाढ काढून घेण्यासारखं एक काम आहे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. दोघांनी अर्धी रजा टाकली. साक्षीदार दोन लागतात: एक माझी लॅबमधली मैत्रीण, दुसरा याच्याबरोबर काम करणारा मेकॅनिक.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमच्या लग्नाला एकच आलं, पण ते सतराशेंना भारी होतं. आम्ही कचेरीच्या बाकावर बसलेलो असताना मेकॅनिकचा फोन आला. एका इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, ती निघेपर्यंत त्याला हलता येणार नव्हतं. हा त्याला काय बोलणार? त्याच्या जागी याने तरी दुसरं काय केलं असतं?

अधिकारी बाई मऊ आवाजाच्या होत्या, पण नियमाला पक्क्या. "दुसरा साक्षीदार तुम्हाला ओळखणाराच हवा," त्या म्हणाल्या. "बाहेरून कोणालाही धरून आणलेलं चालणार नाही. जेवणाच्या सुट्टीआधी आला तर ठीक, नाहीतर नवी तारीख घ्या."

नवी तारीख म्हणजे पुढचा महिना, आणि पुढच्या महिन्यात मी इथे नसणार. आत्यांचा डेपो तिथून दोन चौकांवर होता. त्यांची सकाळची फेरी संपलेली, दुपारची सुरू व्हायची होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "लाव फोन."

याने घाबऱ्या आवाजात एवढंच सांगितलं, "आत्या, लगेच ये. ओळखपत्र घेऊन ये." आणि पत्ता दिला. एवढं ऐकून कोणीही जे समजेल तेच आत्या समजल्या. थोड्या वेळात त्या धापा टाकत आल्या. अंगात ड्रायव्हरचं झगझगीत पिवळं जाकीट, आणि हातात बसमधली प्रथमोपचाराची पेटी.

"कोणाला लागलंय? कुठे लागलंय?"

"कोणाला लागलं नाही, आत्या," हा म्हणाला. "लग्न आहे."

"कोणाचं?"

"आमचं."

आत्यांनी पेटी टेबलावर ठेवली. याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा असा उतरला की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी घाईघाईने परवान्याचं, मुदतीचं, आईच्या अटीचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"उतावळा नवरा," त्या म्हणाल्या, "आणि गुडघ्याला बाशिंगसुद्धा नाही. मला रागवायचं आहे. पण ते नंतर. आधी सही कुठे करायची ते दाखवा."

माझा जीव भांड्यात पडला. अधिकारी बाईंनी ओळखपत्र तपासलं, आम्हाला समोर उभं केलं, आणि त्या वाचायला सुरुवात करणार तोच आत्यांनी हात वर केला. मुलं रस्ता ओलांडताना गाड्या थांबवतात तसा. त्यांनी त्या खोलीतल्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि सवयीने विचारलं, "कोणी राहिलं का?"

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझी आई?"

"तिला माहीत आहे. ती म्हणाली, हे काही खरं लग्न नाही."

"व्हिडिओ कॉल लाव तिला."

आई गाऊनमध्ये, केसांना तेल चोपडून, भाजी निवडत बसली होती. आत्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "अहो, मुलीचं लग्न लागतंय," त्या म्हणाल्या. "बघायचं नाही का?"

आईने हातातली भाजी बाजूला ठेवली. आता ती फोन ठेवणार असं मला वाटलं.

"पाच मिनिटं थांबवा हो त्यांना," आई म्हणाली. "साडी बदलून येते."

जिच्या लेखी ही नुसती सही होती, ती ठेवणीतली साडी काढायला धावली. तोवर एक सरकारी अधिकारी, दोन साक्षीदार, नवरा आणि नवरी फोनमधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे. आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. अधिकारी बाईंनी एकदा घड्याळ पाहिलं, पण घाई केली नाही. त्यांचे उपकार मी कधी विसरायची नाही.

आई आली, खुर्चीत ताठ बसली. मी म्हणायचं ते वाक्य म्हटलं, आणि तिकडे आईने डोळ्यांना पदर लावला. सह्या झाल्या. आत्यांनी आपला फोन अधिकारी बाईंच्या हातात दिला. "एक फोटो काढता का?"

"आत्या, आईने फोटो नको म्हणून सांगितलंय," हा पुटपुटला.

"काढू द्या की," फोनमधून आई म्हणाली. "आत्ता कुठे साडी नेसलेय मी."

असा आमच्या लग्नाचा एकुलता एक फोटो निघाला. याच्या अंगात कामाचा शर्ट, माझ्या बाहीवर प्लास्टरची पांढरी भुकटी, मैत्रीण अर्धी कापली गेलेली. मध्ये पिवळ्या जाकिटातल्या आत्या, हातात आईचा चेहरा ओळखपत्रासारखा पुढे धरून. आणि टेबलावर प्रथमोपचाराची पेटी. फोटो झाल्यावर आत्यांनी खुर्च्यांखाली वाकून बघितलं आणि त्या दुपारच्या फेरीला निघून गेल्या.

स्पॉन्सरचा अर्ज मुदतीत गेला. त्यात विचारलं होतं, हे लग्न खरं आहे कशावरून? आम्ही तर ते लग्न वाटू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. ना पत्रिका, ना पाहुणे. तो एक फोटो जोडला. मुलाखतीला बोलावलं तेव्हा तिथल्या गंभीर साहेबांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ही पेटी कसली?" मी घडलं तसं सांगितलं. साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. खोटं लग्न करणारी माणसं निदान फोटो तरी धड काढतात.

निकाल यायला मात्र बराच काळ गेला. तोवर मी आत्यांच्या घरी राहायला आले होते. त्यांनी आपली मोठी खोली आम्हाला दिली आणि स्वतःचं शिलाई मशीन घेऊन त्या लहान खोलीत गेल्या. ओल्या टॉवेलावरून याला रोज बोलणी बसत. मला नाही. मी दूध उतू घालवलं तरी नाही, त्यांची ती उशी धुऊन तिचा गोळा करून टाकला तरी नाही. लग्नाबद्दल तर अवाक्षर नाही. मलाच धीर धरवेना. "आत्या, तुमचं रागवायचं राहिलंय ना?" मी विचारायची.

"आहे लक्षात," त्या म्हणायच्या. "घाई काय आहे?"

मंजुरी आली तेव्हा मी एका कवळीच्या मेणात दात बसवत होते. याला फोन लावला, तो लागेना. मी ॲप्रन काढला आणि थेट डेपो गाठला. आत्यांची बस नुकतीच येऊन उभी राहिली होती, दार उघडंच होतं. मी पायरी चढले. त्या अगदी मागे, हातात कोणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या.

"आत्या, मंजूर झालं."

त्या तिथेच, मुलांच्या त्या बुटक्या सीटवर बसल्या. जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले. मग शेजारची जागा थोपटली.

"ये, बस. आता रागवते."

आणि त्या रागावल्या. "मी काय मेले होते का? एका ताटात जेवणारा पोरगा, लग्नाला जाताना मला सांगतो, लिफ्टचं काम आहे! आणि तू? तुला नव्हती जीभ? त्याला मिसरूड फुटलं तेव्हा साडी घेऊन ठेवलीय मी, त्याच्या लग्नात नेसायची म्हणून. दर वर्षी काढते, घडी बदलते, पुन्हा ठेवते. आणि लग्नात उभी राहिले ती या जाकिटात. लोकांची पोरं वेळेवर पोचवण्यात जन्म गेला माझा, आणि आमच्या पोराच्या लग्नाला मी जखमेवर पट्टी बांधायला आले."

"तिकडच्या लग्नात नेसा ना," मी रडत म्हटलं.

"नेसेन. पण पहिलं ते पहिलं."

"एवढं मनात होतं, तर त्याच दिवशी का नाही बोललात?"

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अगदीच खुळ्यासारखं विचारलं होतं.

"आणि नसती मिळाली मंजुरी तर? तुला परत जावं लागलं असतं तर? जाणाऱ्या पोरीच्या शिदोरीत कोणी बोलणी बांधून देतं का?" त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तर काय सांगत होते मी? हां, साडी."

त्या पुन्हा सुरू झाल्या. गुडघे पोटाशी घेऊन मी त्यांच्या शेजारी बसून राहिले आणि शब्दन्‌शब्द ऐकला. घर सोडल्यापासून इतक्या हक्काने मला कोणी बोललं नव्हतं. आता ऊठसूट बोलतील, दुधावरून, उशीवरून, कशाहीवरून, या विचाराने मला इतकं बरं वाटलं की मध्येच हसू आलं, आणि त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं.

"झालं, आत्या?" त्या थांबल्या तेव्हा मी विचारलं.

"तुझं झालं," त्या उठत म्हणाल्या. "त्याचं राहिलंय. घरी चल. आणि मी त्याला बोलत असताना तू मध्ये पडायचं नाहीस."