अम्माची जागा, अंदाजे

नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘अप्रॉक्सिमेटली’ हा शब्द फळ्यावर लिहिला की शेजारी त्याची गरीब भावंडं लिहायचो: अबाउट, अराउंड, रफली, निअर्ली. ‘अबाउट’ दोन्ही बाजूंना सरकतो. ‘निअर्ली’ अलीकडेच थांबतो, रेघ ओलांडत नाही. ‘रफली’ म्हणणारा माणूस आधीच माफी मागून ठेवतो. आणि ‘अप्रॉक्सिमेटली’चा अर्थ ‘अबाउट’एवढाच, फक्त तो टाय बांधून येतो. मुलं हसायची. मलाही तो विनोद आवडायचा.

आमचं घर मुळशीतल्या एका बाजारगावात, अब्बांचं कापडाचं दुकान. कब्रस्तान गावाबाहेर, उतारावर. आमच्याकडे कबर पक्की बांधत नाहीत. मातीचा उंचवटा, डोक्याशी एक दगड, वर सब्ज्याचं बी. इथल्या पावसात काही वर्षांतच उंचवटा जमिनीला लागतो आणि दगड उताराने खाली घरंगळतो. मग राहते ती एखादी खूण. अम्माची खूण म्हणजे वरच्या अंगाचं करंजाचं झाड. ईदच्या नमाजानंतर अब्बा, थोरला भाई आणि मी फुलं घेऊन जायचो, आणि दर ईदला तिथं तेच भांडण व्हायचं.

“करंजाच्या बुडाशी. हितं,” भाई म्हणायचा.

“अजून खाली. तवा झाड बारकं हुतं,” अब्बा.

“झाड वाढलं म्हणून अम्मा सरकली व्हय?”

अब्बा ओंजळ मोठी करायचे. “पसरून टाका रे. कुटंतरी पोचतील.”

शेजारच्या कबरींनाही मग आमची फुलं मिळायची. त्यांच्या घरच्यांची आम्हाला. तक्रार कुणाचीच नव्हती.

अब्बाही गेले. त्यांना खालच्या अंगाला जागा मिळाली, आणि पुढे त्या उताराच्या माथ्यावर शहरवाल्यांच्या बंगल्यांची योजना आली. तिथून धरणाचं पाणी दिसतं. जिवंत माणसाला ते दिसावं म्हणून तिथं बंगले, बंगल्यांभोवती भिंत, आणि ती घालताना कब्रस्तानाचा वरचा पट्टा आत गेला. करंज गेलं. जेसीबीने जमीन अशी सपाट केली की झाड होतं हेही आठवावं लागे.

गावच्या जमातीने मला पुढे घातलं. “मास्तर, इंग्रजी तुमीच वाचा.” योजनेचं ऑफिस भूगावला, काचेचं. मधोमध टेबलावर बंगल्यांची खेळणी आणि प्लास्टिकची झाडं. कब्रस्तानाच्या जागी हिरवा स्पंज चिकटवलेला. नकाशाच्या कोपऱ्यात माझा जुना विद्यार्थीप्रिय शब्द होता: हद्द ‘अप्रॉक्सिमेट’.

“सर, लाइन अप्रॉक्स असते,” तिथला साहेब अदबीने म्हणाला. “थोडं इकडेतिकडे होतंच.”

“तिकडे कधी झालंय?”

तो हसला आणि त्याने चहा मागवला. चहा मात्र चांगला होता.

बऱ्याच खेपा घातल्यावर सरकारी साहेब पाहणीला आले. योजनेच्या माणसाने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “एकही कबर आत गेली असेल तर हे लोक भिंत मागे घेतील. त्यांना कबूल आहे. दाखवा फक्त.”

भाई पुढे झाला. भिंतीत अजून बांधायच्या राहिलेल्या फटीतून आत गेला, थांबला, वर चढला, परत खाली आला. त्याला मी दुकानात डोळे मिटून कापड फाडताना पाहिलंय, एक धागा इकडेतिकडे व्हायचा नाही. तोच माणूस आज रांगणाऱ्या पोरासारखा दिशा शोधत होता.

“हितंच कुटंतरी, साहेब.”

“कुठंतरी? काका, नक्की जागा सांगा.”

“करंज हुतं तितं. ते ह्यांनी काढलं.”

“म्हणजे अंदाज. अंदाजावर भिंत कशी पाडायची?”

“बांधली कशावर?” मी विचारलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. छत्री वळली, साहेब तिच्याबरोबर वळले. ‘अबाउट’ दोन्ही बाजूंना सरकतो, असं मी इतक्या मुलांना पाठ करायला लावलं होतं. त्यातली काही अशाच ऑफिसांत असतील.

पुढच्या ईदला फटही बुजवलेली होती. भाई आता सत्तरीचा आहे. भिंतीशी उभं राहून त्याने मूठमूठ फुलं पलीकडे फेकली. पलीकडून बिहारी रखवालदाराचं डोकं वर आलं.

“चाचा, ये क्या डाल रहे हो?”

“अम्मा है हमारी. उधर.”

त्याचं डोकं भिंतीआड गेलं. मग खाली वाकला असावा, कारण आवाज लांबून आला. “मैं रख देता हूँ, चाचा. कहाँ रखूँ, बोलो.”

भाईने माझ्याकडे पाहिलं, मी भाईकडे.

“फैला के डाल दो, बेटा,” भाई म्हणाला.

“फैला के नहीं, चाचा. लॉन है. साहब लोग बोलेंगे कचरा है.”

त्याने फुलं गोळा केली आणि भिंतीला लागून, पाण्याच्या नळाजवळ, एक ढीग करून ठेवला. तसं त्याने ओरडून सांगितलंही. भाई त्या आवाजाच्या रोखाने सरकला, ओंजळ उघडली आणि फातिहा पढू लागला. मीही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. अम्माच्या जागेवरून आमचं भांडण झालं नाही अशी ती पहिली ईद.