फळ्यावरचं शून्य

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणाले नाहीत.

"आल्या आमच्या डॉक्टरीणबाई." कारकून हसला. साहेबांनी टाईप केलेला कागद पुढं सरकवला. मी स्वतःच्या मर्जीनं, कुणाला न विचारता नागनाथच्या डोळ्याला हात लावला, म्हणून त्याचा डोळा गेला, असं त्यात होतं.

"सही येते का अंगठा घ्यायचा?"

मी सातवी शिकले आहे.  राग नाही, रडू नाही. कागद पुन्हा एकदा वाचला.

सोलापूरच्या एमआयडीसीतला हा ओतकामाचा कारखाना. नागनाथ ग्राइंडरवर, मी शेजारी घासलेले भाग पुसून रचायला. ठिणग्या उडतात, लोखंडाचा कण डोळ्यात जातो. चष्मे होते की. नवे केबिनच्या कपाटात, कुलपात, पाहुण्यांसाठी. आमचे इतके ओरखडलेले की काम दिसायचं नाही. माल बिघडला की फोरमनच ओरडायचा, "काढ ते."

कण गेला की माणूस माझ्याकडं यायचा. लहानपणापासून कुंभारी गावात आईबरोबर विड्या वळल्या, बोटं हलकी झाली. पापणी उलटायची, सुती फडक्याच्या टोकानं कण टिपायचा. सगळे ताई म्हणायचे. बरं वाटायचं. सुरक्षा दिनाला साहेबांनी मला स्टीलचा डबा दिला. केबिनमधला फळा बाहेर आणून ठेवला होता. 'या वर्षातले अपघात: शून्य.' मीही टाळ्या वाजवल्या. त्या डब्यात अजून भाकरी नेते.

नागनाथ आला त्या दिवशी कण रुतून बसला होता. "ताई, बघा की. लई सलतंय."

मी फोरमनला म्हटलं, "ह्यो माझ्यानं निघायचा न्हाय. दवाखान्यात न्या."

"दवाखान्यात गेला की नोंद होती. तूच काढ."

मी काढला. चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरं आलं. त्या डोळ्यानं आता त्याला दिसत नाही. हात माझाच होता. ते मी नाकारत नाही.

आता केबिनमध्ये साहेबांच्या मागं तोच फळा होता. मी काढलेला एकेक कण तिथं लिहायला हवा होता. मी काढत गेले म्हणून कुणी लिहिला नाही. किती काढले, मला आठवतसुद्धा नाही.

मी पेन घेतलं. टाईप केलेल्याच्या खाली लिहिलं: फोरमननं काढायला लावलं. चांगले चष्मे कुलपात होते. मग सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

साहेबांनी कागद फाडला. "उद्यापासून झाडू मार. तेच तुमचं काम."

झाडू मारते.

परवा ग्राइंडरवरचे सलीमभाई डोळा दाबून आले. "ताई, निकालो ना जल्दी." हात आपसूक वर गेला. मी तो खाली घेतला.

"आधी अपघाताच्या रजिस्टरात लिवा, सलीमभाई. मग दवाखान्यात. मी संगं येते."

फोरमन रजिस्टर देईना. सलीमभाईंच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. माझ्या कमरेला फडकं होतं. मी ते काढलं नाही. टेबलासमोर झाडू घेऊन उभी राहिले. शेवटी रजिस्टर निघालं. काय लिहिलंय ते वाचून बघितलं आणि मगच त्यांना घेऊन गेले.

केबिन झाडायचं काम आता माझं आहे. फळाही मीच पुसते. कडेकडेनं पुसायचा, शून्याला हात लावायचा नाही, असं साहेबांनी सांगून ठेवलंय.

उद्या ते शून्य पुसणार आहे. तिथं दोन लिहिणार आहे. नागनाथ आणि सलीमभाई.