विहिरीचं, आंब्याचं, वढ्याचं, माळाचं

“आधी नाव, मग हात,” असं म्हणून मामा पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडायचे. निगडीच्या गॅरेजात सगळेच त्यांना मामा म्हणायचे; आम्ही दोघे शेजारी-शेजारी काम करायचो. जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं, की स्पार्क प्लगच्या चारही वायरींना चिठ्ठी लागेपर्यंत ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन कसं थरथरतं, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

बाकीचे लोक एक, दोन, तीन, चार लिहितात. मामा लिहायचे विहिरीचं, आंब्याचं, वढ्याचं, माळाचं. ही त्यांची महाळुंग्याची रानं, म्हणजे शेतं. गावातून निघालं की याच क्रमाने लागायची. आता तिथे कंपनीची भिंत आहे.

मी मराठवाड्यातून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा. “तुला रान न्हाई, भावा. तू आपला आकडे लिव्ह,” असं मामा मला चिडवायचे. तरी हळूहळू मीही तीच नावं लिहू लागलो. एकदा एका गिऱ्हाइकाने आत डोकावून विचारलं, “ही माळाची वायर कुठल्या कंपनीची?”

“वायर न्हाई, साहेब. कंपनी माळाची हाय,” मामा म्हणाले आणि पाना घेऊन पुन्हा वाकले.

मग एका सकाळी त्यांनी जोडलेलं इंजिन चालू होताच गदागदा हलायला लागलं. चिठ्ठ्या बरोबर होत्या, वायरी लावताना क्रम चुकला होता. मी दोन वायरी बदलल्या.

“आंबा आधी लागायचा का वढा?” त्यांनी हळूच विचारलं.

“आंबा, मामा.”

“तू कुठं बघितलास?”

मी इंजिनाकडे बोट दाखवलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हात पुसत राहिले.

पुढे त्यांना गॅरेजचा रस्ताही सापडेना, आणि मुलाने त्यांचं येणं बंद केलं. काही महिन्यांनी त्याचाच फोन आला. “बाबा सारखी रानं विचारतात. आमी सगळ्यालाच कंपनीत गेलेलं रान म्हणतो. तुमाला नावं ठावं हायेत का?”

सुट्टीच्या दिवशी महाळुंग्याला गेलो. मामा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. मी नुसतं म्हणालो, “विहिरीचं, आंब्याचं, वढ्याचं, माळाचं.”

त्यांनी मान वर केली.

“तुमी आमच्या भावकीतले का?”

“व्हय,” मी म्हणालो.

मामा सरकले आणि त्यांनी खाटेवर माझ्यासाठी जागा केली. “मग सांगा परत.”

मी विहिरीपासून सुरुवात केली.